बारावी मासोळी

अकरा मासोळ्या एका दमात पास झाल्या. बारावीनं वहाबभाईंचा जीव खाल्ला.

काम तसं सरळ होतं. सिंदेवाहीच्या पुढे एका मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावाच्या, पाळीला लागून मत्स्यशिक्षणाचं नवं दालन उभं राहिलं होतं. आसपासच्या शाळांच्या सहली याव्यात, लेकरांनी मासे बघावेत, अशी त्यामागची कल्पना. तलावातल्या माशांचे छापील फलक आधीच येऊन लागले होते. समुद्राच्या माशांसाठी ठेवलेली भिंत मात्र गोलाकार बांधली गेली होती आणि तिच्यावर फलक काही केल्या बसेना. म्हणून चंद्रपूरहून वहाब पेंटरला बोलावणं गेलं.

नाहीतर हातानं रंगवणाऱ्याला आता विचारतो कोण? वहाबभाईंनी पस्तीस वर्षं ब्रश धरला होता. टॉकीजचे बोर्ड, दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची गुलाबाची फुलं, लग्नघरच्या भिंतीवरचा गणपतीसुद्धा. मग फ्लेक्स आलं आणि एकेक गिऱ्हाईक गळत गेलं. उरले ते वाघ. जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलाला फाटकावर वाघ पाहिजेच. वाघाचं एक बरं असतं, असं वहाबभाई म्हणायचे. तो कसा दिसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. चुकला तर बघणारा तिथल्या तिथे सांगतो, आणि जमला तर गप्प बसतो.

समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता. तरी कागदावरची पोस्टाच्या तिकिटाएवढी चित्रं बघून त्यांनी पापलेट काढला, सुरमई काढली, शार्क काढला, समुद्री घोडा काढला. पाण्याचा निळा तर असा लावला, की ठेकेदाराचा सुपरवायझर मोहोड, जो गाडीवरचं हेल्मेट न उतरवताच सगळीकडे फिरायचा, तोसुद्धा हेल्मेट काढून घटकाभर उभा राहिला.

बाराव्या चित्राखाली नाव होतं 'रास'.

"कोनाची रास?" वहाबभाईंनी विचारलं. "मेष का वृषभ?"

"इंग्रजी नाव आहे ते," मोहोड म्हणाला. "आपल्याकडे त्याला नाव नाही. गरम समुद्रातला मासा, प्रवाळात राहतो. तुम्ही काढा नं, नावाचं काय घेऊन बसले."

चित्रातला मासा तांबूस तपकिरी होता आणि अंगभर मोहरीएवढे निळे ठिपके. वहाबभाईंनी दोन दिवस लावून तो काढला. ठिपके बारीक ब्रशानं, श्वास रोखून टाकले.

तिसऱ्या दिवशी मोहोड आला, भिंतीसमोर थांबला आणि त्यानं खिशातून फोन काढला.

"वहाबभाई, हे काय मातकट काढून ठेवलं? इकडे बघा."

फोनवरचा मासा हिरवा होता. निळसर झाक मारणारा हिरवा, आणि अंगावर आडवा ओढलेला एक फिकट पट्टा.

"साहेब, तुमच्याच कागदावर तपकिरी हाय."

"कागदाची छपाई खराब असते. मी यादीतलं जातीचं पूर्ण नाव टाकून पाहिलं. हाच येते. हिरवा करून टाका."

वहाबभाईंनी तपकिरी मासोळीवर पांढरा हात मारला. तो सुकायला एक दिवस गेला, हिरवी काढायला दोन. त्याच आठवड्यात नागपूरहून ज्योत्स्ना मॅडम आल्या. दालनातला सगळा मजकूर त्यांनी लिहिला होता आणि माशांची यादीही त्यांचीच. अकरा मासे बघताना त्यांचा चेहरा खुलत गेला आणि बाराव्यापाशी आल्यावर एकदम मिटला.

"हा कोण?"

"रास, मॅडम."

"छे." त्यांनी फाइल उघडली. त्यांच्या फोटोत एक इवलासा लाल-केशरी मासा होता. पाठीवर पांढरी ठिगळं आणि प्रत्येक ठिगळाला काळा काठ, जसं कोणी काजळानं आखावं. "ही रास. रंग मुलांना आवडेल म्हणून मी मुद्दाम निवडली."

"पन मॅडम, यादीच्या कागदावर तपकिरी छापून आली."

"कागद ऑफिसमध्ये कोणीतरी बनवला असेल. नाव बरोबर आहे, चित्र भलतंच चिकटवलंय."

मोहोड शेजारीच उभा होता. हिरवी आपण करायला लावली, हे त्यानं चुकूनही सांगितलं नाही. हेल्मेटची काच तेवढी खाली घेतली.

पुन्हा पांढरा हात, पुन्हा नवी मासोळी, या खेपेला लाल. ती पुरती सुकली नव्हती तोच मोहोडचा फोन आला. हिरव्या मासोळीचा फोटो वर खात्यातल्या साहेबांकडे गेला होता. साहेबांनी तो निमंत्रणपत्रिकेवर छापायला दिला होता. पत्रिकेवर हिरवी आणि भिंतीवर लाल, हे कसं चालेल? वहाबभाईंनी लाल पुसून हिरवी काढली. पाच दिवसांनी मॅडमनी फोटो मागवला आणि विचारलं, की लाल कुणी पुसली. पुन्हा पांढरा हात बसला.

इतके थर चढले होते, की भिंतीला तिथे आवाळू आल्यासारखं दिसायला लागलं. हात फिरवला की उंचवटा लागायचा. मोहोडनं तोही दाखवला. "इथे फिनिशिंग बरोबर नाही, वहाबभाई."

त्या दिवशी वहाबभाईंनी ब्रश रॉकेलच्या डब्यात असा आपटला, की शिंतोडे त्यांच्याच चष्म्यावर उडाले. चंद्रपूरहून बायको जमीलाचा फोन आला, तर तिच्यावरही ते उगाच खेकसले. मग चष्मा पुसत पायरीवर बसून राहिले. पुसून पुन्हा काढायला लागलं म्हणून ते इतके चिडले नव्हते. तसं गिऱ्हाईक करतंच. खरा राग वेगळाच होता. वाघ असता तर ते मोहोडशी भांडले असते, मॅडमशी भांडले असते, साहेब आला असता तर त्याच्याशीही. पट्टा इथे नाही, इथे असतो, असं छातीठोक सांगितलं असतं. या मासोळीसाठी कुठल्या तोंडानं भांडणार? ती लाल, की तपकिरी, की हिरवी, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते अशी वस्तू काढत होते, जी त्यांना ओळखू येत नव्हती, आणि जो येईल तो सांगेल ते खरं मानायची पाळी आली होती.

दालनात झाडलोट करायला आणि कामगारांचा स्वयंपाक करायला कुंताबाई यायची. शेजारच्या गावची, ढिवराच्या घरची. समोरचा तलाव त्यांच्याच मच्छिमार सोसायटीकडे होता आणि तिचा नवरा बापूजी रोज पहाटे त्यात जाळं टाकायचा. कागदावरची तपकिरी, मोहोडच्या फोनवरून छापून घेतलेली हिरवी आणि मॅडमच्या फाइलमधली लाल, अशी तिन्ही चित्रं वहाबभाईंनी भिंतीच्या कडेला चिकटवून ठेवली होती. दुसऱ्या सकाळी कुंताबाई झाडू टेकवून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"भाऊ, आज कोनता रंग?"

"हसा, तुम्ही बी हसा."

"हसून नाई राह्यली. मले एकच समजत नाई. तिघीचं तोंड तं एकच हाय, मंग हे भांडून काऊन राह्यले?"

"तोंड?"

"पाहा नं. ओठ कसे जाड हाय, पुढं आलेले. पाठीवरचा पंख डोक्यापासून शेपटीपावेतो सलग हाय, मधात तुटला नाई. तिघीचाबी तसाच. आंगाचा रंग कोन पाहाते? मासोळी वळखाची तं तोंड पाहा लागते."

वहाबभाई चष्मा वर करून चित्रांच्या अगदी जवळ गेले. ओठ. पंख. डोळ्याची जागा. तीन आठवडे ते फक्त रंग बघत होते, कारण बाकीचेही फक्त रंगावरच बोलत होते.

"पन लाल कुठी न् हिरवी कुठी, कुंताबाई. इतका फरक?"

"चला," ती म्हणाली.

पाळीवरून खाली उतरून ती बेशरमाच्या झुडपांपाशी थांबली आणि बोटानं पाणी दाखवलं. उथळ पाण्यात लाल-केशरी काहीतरी खदखदत होतं, कुणी मूठभर कुंकू टाकून ढवळावं तसं. नीट बघितल्यावर कळलं, की ती बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती, शेकड्यांनी. एकदम वर यायची, एकदम खाली जायची.

"मरळीची पिल्लं," कुंताबाई म्हणाली. "आता खाली पाहा."

पिल्लांच्या खाली एक लांब, काळपट सावली संथ हलत होती.

"ते माय. तिचाबी लहानपनी असाच रंग होता. मोठी झाली का काळी होते. नव्या मान्साले दोनी दाखवा, तो म्हनन दोन जाती हाय. हे आमच्या घरचं लेकरूबी सांगते, भाऊ. त्या समुद्राच्या मासोळीचं मले मालूम नाई. पन मासोळी ते मासोळीच."

वहाबभाईंनी तिथूनच आपल्या मुलीला फोन लावला. अंजुम चंद्रपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं चित्रांचे फोटो मागवले आणि दुपारच्या सुट्टीत उलट फोन केला. वहाबभाईंनी फोन स्पीकरवर टाकला, कारण कुंताबाई पोळ्या लाटायची थांबून जवळ येऊन बसली होती.

"अब्बा, तिन्ही एकच मासा आहे. लहान असतो तेव्हा लाल. वाढला की तपकिरी होतो, ती मादी. आणि त्यातली एखादी मोठी मादी पुढे नर होते, मग तिचा रंग हिरवा."

"नर होते म्हंजे?"

"म्हणजे खरंच नर होते. या रास माशांच्या कितीतरी जातींत असं असतं. कळपातला मोठा नर मेला किंवा गेला, की सगळ्यात मोठी मादी त्याची जागा घेते. पूर्वी मोठ्या मोठ्या अभ्यासकांनीही यांच्या नर-माद्यांना वेगवेगळी नावं दिली होती. तुमच्या साहेबांचं काय घेऊन बसलात."

कुंताबाईनं पिठाचा हात तोंडावर धरला आणि हसत सुटली. "बुढा गेला का बुढीच बुढा होते! बापूजीले सांगा लागते, जरा नीट राह्य म्हना."

वहाबभाईही हसले. आता त्यांच्या हातात भांडायला काहीतरी होतं. त्यांनी लगेच मोहोडला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"कोण म्हणते?" मोहोडनं विचारलं.

"माझी पोरगी. विज्ञान शिकवते. आनि पयले तर कुंताबाईनं वळखलं."

"झाडूवाली?" पलीकडून मोहोडचं हसू ऐकू आलं. "वहाबभाई, तुम्ही रंग द्या. मासे आम्ही बघू. मॅडमशी बोला."

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये त्यांनी काहीतरी उघडून वाचलं असावं. "शक्य आहे," त्या म्हणाल्या. "बरोबरच दिसतंय. पण मजकूर छापून झालाय. एक नाव, एक चित्र. आणि मादीचा नर होतो वगैरे लहान मुलांसमोर नको. पालक मलाच विचारतील."

"मंग कोनती काढू, मॅडम? तिघीबी खऱ्याच हाय."

"ते तुम्ही मोहोडांना विचारा."

मोहोड म्हणाला, मॅडम सांगतील ती. मॅडम म्हणाल्या, साहेबांना चालेल ती. साहेबांपर्यंत वहाबभाईंचा फोन पोचायचा प्रश्नच नव्हता. असे दोन दिवस गेले. भिंतीवर बाराव्या मासोळीच्या जागी पांढरं आवाळू तसंच होतं, आणि उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. उत्तर ठाऊक नव्हतं तोवर जो तो ठासून सांगत होता आणि आता उत्तर तयार होतं तर ते कोणाला नको होतं. वहाबभाईंना वाटलं, डबे उचलावेत, मूलवरून चंद्रपूरला जाणाऱ्या बसमध्ये बसावं आणि या सगळ्यांना त्यांच्या पांढऱ्या भिंतीपुढे बसवून जावं.

गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि ते आवाळू घासून सपाट केलं. हात भरून आला तेव्हा बापूजीनं उरलेलं घासून दिलं. मग कुणालाही न विचारता वहाबभाईंनी तिन्ही काढल्या. पुढे हिरवा नर, त्याच्यामागे तपकिरी मादी, आणि खाली वाळूजवळ इवलीशी लाल. तिघींचे ओठ सारखे, तिघींचा पंख सलग. वर एकच नाव लिहिलं, आपल्या जुन्या टॉकीजच्या वळणदार अक्षरात. हात कुठेच अडखळला नाही. काय काढतोय हे आता माहीत होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मोहोड आला. भिंत बघून आधी त्याचा चेहरा उतरला, मग तो बोटानं मासे मोजायला लागला आणि चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे आता चौदा झाले?"

"बाराच हाय, साहेब. या तिघी एक."

"पण दिसतात तर चौदा."

सकाळी वहाबभाई आंघोळ करून, धुतलेला कुर्ता घालून दालनात आले, तेव्हा भिंतीवर तीन चकचकीत पाट्या स्क्रूनं बसवल्या होत्या. 'लाल रास'. 'तपकिरी रास'. 'हिरवी रास'. त्यांनी हातानं लिहिलेल्या नावावर निळा पट्टा ओढलेला होता आणि तो निळाही त्यांच्या पाण्याच्या निळ्याशी जुळत नव्हता.

"साहेब!" ते ओरडलेच. पण मोहोड हार मोजत होता. तेवढ्यात गाड्या आल्या.

उद्घाटनाचे पाहुणे चांगलं बोलले. समुद्रापासून इतक्या दूर असूनही आपल्या मुलांना समुद्रातल्या चौदा जाती इथे पाहायला मिळणार, असं ते म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. मॅडम पहिल्या रांगेत होत्या. चौदा म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

चहाच्या वेळी वहाबभाई गर्दीतून वाट काढत पाहुण्यांपर्यंत पोचले.

"साहेब, मी पेंटर. ती भिंत माझी हाय. त्याच्यात एक चूक..."

"तुम्ही काढलं हे? वा! हात आहे तुमच्यात." पाहुण्यांनी त्यांचा खांदा दाबला. "वाघ काढता का? आमच्या फार्महाऊसला एक पाहिजे. उडी घेतानाचा."

वहाबभाई भिंतीकडे बोट दाखवत राहिले. चहाचा ट्रे घेऊन कुंताबाई उभी होती. तिला राहवलं नाही.

"सायेब, त्या तिघी येगळ्या नाई. लाल, भुरी न् हिरवी, एकच हाय."

पाहुणे थांबले. त्यांनी तिच्याकडे, मग आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं. "ऐकलंत? किती मोठी गोष्ट बोलल्या या बाई. रंग वेगळे, पण जीव एकच. हे आपल्याला कळलं पाहिजे." पुन्हा टाळ्या पडल्या. कोणीतरी कुंताबाईचा ट्रेसकट फोटो काढला.

"मी मासोळीचं बोलून राह्यली होती," ती नंतर भांडी घासताना म्हणाली. एवढंच म्हणाली, पण पातेलं इतकं घासलं की त्याचा तळ आरशासारखा झाला.

मंडप उतरल्यावर वहाबभाईंनी पान्हे-पेचकसाची पेटी उघडली, तिन्ही पाट्या काढल्या, आपल्या पिशवीत टाकल्या आणि बस धरली. मोहोडचे चार फोन आले. त्यांनी एकही उचलला नाही. घरी गेल्यावर अंजुमनं पाट्या पाहिल्या आणि विचारलं, "अब्बा, ही चोरी नाही का?" त्यांनी पाट्या पलंगाखाली सरकवल्या. त्या रात्री मात्र जमीलाशी ते नीट बोलले.

दोन महिन्यांनी, धान कापणीला आलं तेव्हा, नागभीडकडच्या एका शाळेचं काम आटोपून परतताना ते मुद्दाम सिंदेवाहीला उतरले. दालनात गेले. भिंतीला नव्या पाट्या लागल्या होत्या, तीच नावं, या खेपेला स्क्रूऐवजी कसल्यातरी डिंकानं पक्क्या चिकटवलेल्या. ते कमी होतं म्हणून की काय, भिंतीपुढे लोखंडी आलमारी उभी केली होती. गोल भिंतीला ती टेकत नव्हती, तिरपी उभी होती, आणि तिच्यामागे हिरवा नर पूर्ण गेला होता, तपकिरी मादीची शेपटी तेवढी बाहेर होती.

"रजिस्टर हाय तिच्यात," कुंताबाई म्हणाली. "मागं कमरा हाय, तिथी ओल येते, म्हून इथी आनली. मी म्हनलं, मासोळ्या झाकल्या. तं रजिस्टरवाला बाबू म्हने, अजून बारा हाय नं दिसाले."

शाळेच्या सहली आल्या होत्या, असं कुंताबाई सांगत होती. लेकरं लाल मासोळीपाशी थांबतात. एका पोरीनं विचारलं होतं, हिची माय कुठी हाय. कुंताबाईनं तिला आलमारीच्या फटीतून पाहायला लावलं, पण फट लहान, काही दिसलं नाही.

वहाबभाईंनी पिशवी खाली ठेवली आणि आलमारीला खांदा लावला. ती हलली नाही. "भरली हाय," कुंताबाई म्हणाली, आणि पदर खोचून दुसऱ्या बाजूनं तिनंही खांदा लावला. दोघांनी जोर केला. फरशीवर लोखंड असं कर्कश ओरडलं, की मागच्या खोलीतून बाबूनं विचारलं, "काय चालू आहे तिकडे?"

"झाडून राह्यली," कुंताबाईनं ओरडून सांगितलं.

तीनदा जोर केल्यावर आलमारी वीतभर सरकली. वहाबभाईंना धाप लागली, गुडघा दुखायला लागला. तपकिरी मादी डोळ्यापर्यंत बाहेर आली होती. तोंड अजून आतच होतं आणि ओळखायचं तर तेच. हिरवा तर अजून पूर्णच आत.

"अजून एकदा," ते म्हणाले.

"भाऊ, तुमची बस."

"जाऊ द्या बस."

चौथ्या जोराला ती आणखी चार बोटं सरकली आणि जाडे ओठ दिसले. मागे पावलांचा आवाज यायला लागला, तशी कुंताबाईनं बाहेरून विटेचा तुकडा आणला आणि कोणी परत ढकलू नये म्हणून आलमारीच्या पायाशी घट्ट ठोकून बसवला.